विहिरीची जाळी, टाकीचं झाकण

पावसाळ्यात मुंबईतल्या इमारतींच्या गच्च्यांवर पालिकेच्या कीटकनाशक खात्याचे कामगार चढतात. टाकीतलं पाणी ओगराळ्यात घ्यायचं आणि उजेडाकडे धरून बघायचं. अळी डोकं खाली करून तिरकी लोंबत असेल तर ती दुसऱ्या डासाची. पाण्याच्या पृष्ठभागाला चिकटून आडवी पडलेली दिसली, तर ॲनॉफिलीसची, म्हणजे हिवतापाची.

टाकीत बघायचं, हे शहाणपण 1911 सालचं आहे. हिवतापाचे परजीवी डासाच्या पोटात वाढतात हे रोनाल्ड रॉस यांनी 1897 मध्ये सिकंदराबादेत दाखवलं होतं. पुढे मुंबईत नव्या गोदीचं बांधकाम चालू असताना त्या परिसरात हिवताप फार वाढला. खाजणं आणि दलदल हेच मूळ, असा तेव्हाचा सर्वसाधारण समज. डॉ. चार्ल्स बेंटली यांनी तपास केला तेव्हा शहरातला खरा वाहक निघाला ॲनॉफिलीस स्टीफेन्सी, आणि त्याचं घर म्हणजे वाड्यांतल्या स्वच्छ पाण्याच्या विहिरी, हौद, टाक्या.

मग विहिरी बुजवण्याचे हुकूम निघाले आणि लोक दुखावले. विहिरीची पूजा होत होती. पारशी कुटुंबांना धर्मविधींसाठी विहिरीचंच पाणी लागे. अखेर तोड निघाली: विहीर राहू द्यायची, पण वरून पक्की बंद करायची आणि पाणी काढण्यापुरतं बारीक जाळीचं दार ठेवायचं. मला या साऱ्या इतिहासात ही जाळी सगळ्यात मोलाची वाटते. लोकांची श्रद्धा न मोडता डासाची वाट अडवता येते, हे तिनं दाखवलं.

स्वातंत्र्यानंतर भर डीडीटी या कीटकनाशकाच्या फवारणीवर आला. 1953 मध्ये राष्ट्रीय नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, 1958 मध्ये त्याचं निर्मूलन कार्यक्रमात रूपांतर झालं. 1965 च्या सुमारास देशातले रुग्ण वर्षाला लाखापर्यंत खाली आले. पण 1976 मध्ये तोच आकडा 64 लाखांवर गेला! डास डीडीटीला दाद देईनासे झाले होते, आणि मुळात गावातल्या भिंतींवरची फवारणी शहरातल्या टाकीपर्यंत पोचतच नव्हती. म्हणूनच त्याआधी, 1971 मध्ये, शहरांसाठी वेगळी योजना आली होती, अळ्या मारण्यावर भर देणारी. अळ्या खाणारे गप्पी मासे, घट्ट झाकण, आठवड्यातून एकदा पाणीसाठे रिकामे करून सुकवायचा कोरडा दिवस. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्याचा हिशेब.

मुंबईत आजही टाकीला डासप्रतिबंधक झाकण लागतं, आणि वर चढून बघता यावं म्हणून शिडीही. कुलूप उघडून देणारं कुणी खाली नसेल तर कामगार तसाच परततो. आज जास्त काळजी बांधकामांची असते: स्लॅब भिजत ठेवण्यासाठी साठवलेलं पाणी, लिफ्टच्या खड्ड्यात तुंबलेलं पाणी, आणि शेजारीच पत्र्याच्या खोल्यांत, मच्छरदाणीशिवाय झोपणारे परगावचे मजूर. गोदीच्या वेळीही असेच मजूर आले होते.