सडका लुक (मिनिएचर रंगकाम)

टेबलावर खेळायच्या युद्धखेळातल्या छोट्या मूर्ती, ज्यांना खेळणारे नुसतं 'मिनी' म्हणतात, त्या मुद्दाम रोगट, कुजलेल्या, पू वाहणाऱ्या आणि गंजक्या दिसतील अशा रंगवायची पद्धत. मिनीतला माणूस साधारण २८ ते ३२ मिलिमीटर उंच असतो, त्यामुळे त्याच्या पोटावरचं गळू मोहरीएवढंही नसतं, आणि तरी ते गळू आहे की रंगाचा चुकून पडलेला ठिपका आहे हे हातभर अंतरावरून कळलं पाहिजे, सगळी मेहनत त्यासाठीच. झॉम्बी, भुतं, बुडालेले खलाशी अशा कुठल्याही मिनीवर हे काम करता येतं, पण जगभर ही पद्धत ओळखली जाते ती वॉरहॅमरमधल्या नर्गल या रोगदेवाच्या सैन्यामुळे.

नर्गल, नेर्गल आणि आपल्या देवी

वॉरहॅमर हा ब्रिटिश खेळ, पहिली आवृत्ती १९८३ ची, आणि त्याचा भविष्यकाळात घडणारा भाऊ वॉरहॅमर ४०,००० हा १९८७ चा. त्यात अनागोंदीचे चार देव आहेत, त्यातला सडण्याकुजण्याचा देव नर्गल, त्याचा पवित्र आकडा ७, आणि भक्त त्याला लाडाने आजोबा म्हणतात. या देवाचं तपशीलवार वर्णन खेळाच्या १९९० च्या पुस्तकात आलं, म्हणजे हिरवट कातडी, फुटलेली पोटं, लोंबणारी आतडी हा साचा साधारण तेव्हापासून पक्का झाला असं धरायला हरकत नाही. २०१७ मध्ये डेथ गार्ड या त्याच्या चिलखती सैन्याच्या नव्या प्लॅस्टिक मिनी आल्या.

नाव कुठून आलं यावर बरंच बोललं जातं. मेसोपोटेमियात नेर्गल नावाचा देव होता, कुथा हे त्याचं मुख्य ठाणं, आणि युद्ध, साथीचे रोग, मृतांचं जग हे त्याचं खातं, त्यामुळे नाव तिथूनच उचललं असं बहुतेक जण सांगतात. नावापुरतं हे पटण्यासारखं आहे. स्वभावाचं मात्र जुळत नाही, कारण नेर्गल हा जाळपोळ करणारा उग्र देव, आणि नर्गल हा रोग म्हणजे नातवंडांना दिलेला खाऊ समजणारा खुशालचेंडू म्हातारा. तेव्हा नाव तिथलं आणि माणूस खेळातला, असं म्हणणं जास्त बरं. मराठी वाचकाला रोगाचा देव ही कल्पना तशी नवीन नाहीच, आपल्याकडे रोगालाच 'देवी' म्हणत, अंगावर देवी येत, पटकीसाठी मरीआई होती, आणि माहीमला शीतलादेवीचं देऊळ आजही आहे. फरक एवढाच की शीतला ताप उतरवते म्हणून तिला पुजायचं, नर्गलला तो चढवतो म्हणून.

रंगांचं मूळ हा वेगळा विषय, आणि जास्त मजेशीर. सडलेलं शरीर नीट बघून रंगात मांडायची परंपरा फार जुनी आहे. युरोपातलं नेहमी दिलं जाणारं उदाहरण म्हणजे जर्मन चित्रकार ग्रूनेवाल्डचं इझेनहाइमचं वेदीचित्र, साधारण १५१२ ते १५१६ मधलं, ते ज्या मठासाठी काढलं तिथे अर्गट या धान्यावरच्या बुरशीने विषबाधा झालेले रोगी ठेवत. त्यातल्या एका फळीवर डाव्या कोपऱ्यात फुगलेल्या पोटाची, फोडांनी भरलेली, हिरवट अंगाची एक आकृती बसलीये, ती रोगी आहे की रोगाचंच रूप घेतलेला राक्षस यावर एकमत नाही (पायांच्या बोटांमध्ये बेडकासारखे पडदे आहेत, त्यामुळे नुसता रोगी म्हणणं जरा जड जातं). पण त्याच्याही हजारेक वर्षं आधी बौद्ध आचार्य बुद्धघोषाच्या विसुद्धिमग्ग या पाली ग्रंथात प्रेताच्या दहा अवस्था दिल्यात, फुगलेलं, निळं पडलेलं, पू झालेलं, किडे पडलेलं, असं करत करत हाडांपर्यंत. त्यातलं 'विनीलक', म्हणजे निळं पडलेलं प्रेत, हे तर सरळ रंगांचं कृतिपत्रकच आहे: जिथे मांस जास्त तिथे तांबूस, जिथे पू साचला तिथे पांढरट, बाकी सगळं काळंनिळं. भिक्षूंनी हे वैराग्यासाठी बघायचं होतं, मिनी रंगवायला नव्हे, आणि या छंदाशी त्याचं थेट नातं लावायचं कारण नाही. धर्मानंद कोसंबींनी संपादित केलेली याची देवनागरी आवृत्ती १९४० मध्ये मुंबईच्या भारतीय विद्या भवनाने काढली, जुन्या लायब्रऱ्यांत मिळाली तर अशुभ-कम्मट्ठानाचं, म्हणजे प्रेतावरच्या ध्यानाचं प्रकरण काढून बघावं.

कातडी

नवशिका हमखास करतो ती चूक म्हणजे सगळं अंग हिरवं करायचं आणि वरून तपकिरी वॉश (खाचांत उतरणारा पातळ रंग) ओतायचा, मग मिनी सडकी न दिसता गटारात पडलेली दिसते. कुजण्याला क्रम असतो. मुका मार लागला की जागा आधी लालसर जांभळी, मग काळीनिळी, मग हिरवट, शेवटी पिवळी होते, कारण रक्तातलं हिमोग्लोबिन मोडून आधी हिरवं बिलिव्हर्डिन आणि मग पिवळं बिलिरुबिन तयार होतं. म्हणजे जांभळा हा ताज्या माराचा रंग आणि पिवळा जुन्या माराचा, आणि ते एकमेकांशेजारी ठेवले की कातडीला वय येतं. प्रेतावर पहिला हिरवा डाग बहुधा ओटीपोटाच्या उजव्या बाजूला उमटतो, तिथे मोठं आतडं कातडीच्या जवळ असतं म्हणून. फुगलेल्या पोटाच्या मिनीवर हिरवा तिथून सुरू करून बाहेर विरत नेला तर बघणाऱ्याला कारण कळत नाही पण पटतं.

प्रायमरवर (सगळ्यात आधी द्यायच्या अस्तरावर) हाडासारखा फिकट रंग, त्यावर खोलगट भागात पातळ जांभळा आणि लाल वॉश, उंचवट्यांवर पुन्हा फिकट रंग, आणि हिरवा सगळ्यात शेवटी व सगळ्यात कमी. पुळी, फोड, गळू, करट हे मराठीत वेगळे शब्द आहेत तसे ब्रशलाही वेगळे असले पाहिजेत. गळवाच्या बुडाशी लाल कडा, वर मळकट पिवळा, टोकाला साय रंगाचा बारीक ठिपका. फोडाला पिवळा नकोच, त्यात पाणी असतं, तिथे फिकट गुलाबीवर चकचकीत व्हार्निश पुरतं. मॅट, म्हणजे बिनचकाकीचं व्हार्निश आधी मारायचं आणि ओलं दिसायला हवं तिथेच ग्लॉस, म्हणजे चकचकीत, नंतर, उलटं केलं तर पू वाळून जातो. ओघळणाऱ्या लाळेसाठी तार सुटणारा गम वापरतात.

गंज

चिलखताचं काम कातडीपेक्षा सोपं, आणि मुंबईकराला तर शिकायला क्लास लागत नाही, खिडकीच्या ग्रिलखाली भिंतीवर उतरलेले तांबूस ओघळ रोज समोर असतात. गंज सगळीकडे सारखा चढत नाही, तो पाणी थांबतं तिथे, म्हणजे सांध्यात, बोल्टभोवती, खालच्या काठाला धरतो आणि तिथून सरळ खाली वाहतो. मुंबईतल्या दारूखाना भागात फोडायला आणलेल्या जहाजांच्या पत्र्यावर रंगाचे जुने थर, त्याखाली प्रायमर, त्याखाली गडद गंज आणि कडेला ताजा नारिंगी असं सगळं एकाच हातभर तुकड्यात दिसतं. मिनीवर हेच उलट्या क्रमाने करतात: आधी गंज रंगवायचा, त्यावर हेअरस्प्रे, त्यावर चिलखताचा रंग, आणि तो सुकला की ओल्या ब्रशने घासून काढायचा. तेवढा वेळ नसेल तर फाटक्या स्पंजने गडद तपकिरी ठिपके आणि त्यांच्या आत कमी जागेत नारिंगी.

विकतच्या वेदरिंग पावडरी (गंज, मळ दाखवायच्या भुकट्या) महाग पडतात, त्याऐवजी रांगोळीखाली सारवायचा गेरू तलम कपड्यातून गाळून वापरला तर चालतो, कारण गेरूतला लाल हा आयर्न ऑक्साइडच, म्हणजे गंजाचा सख्खा नातलग. खरखरीतपणासाठी रंगात खायचा सोडा मिसळतात. हळद मात्र वापरू नये, ती उजेडात उडते आणि सोड्याशी गाठ पडली की लाल होते. पितळी भागांना हिरवट निळा पातळ रंग खाचांत सोडायचा; कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात ताक कळकतं ते ज्यांनी पाहिलंय त्यांना ही छटा सांगावी लागत नाही.

मुंबईत

परदेशी बाटल्या मागवणं खर्चिक, म्हणून बरेच जण कॅमलिनच्या ॲक्रेलिकवर काम भागवतात (दांडेकरांनी १९३१ मध्ये सुरू केलेली ही कंपनी, शाळेच्या दप्तरातून सगळ्यांच्या ओळखीची). ट्यूबमधला रंग दाट असतो, तो पातळ करून दोन-तीन हात द्यावे लागतात. आतडी किंवा जास्तीचे फोड बनवायला प्लंबरवाला एम-सील उत्तम, फक्त तो लवकर कडक होतो आणि बोट ओलं नसेल तर चिकटतो.

खरा शत्रू म्हणजे इथली हवा. दमट हवेत स्प्रे प्रायमरचा पृष्ठभाग पिठासारखा होतो, मॅट व्हार्निश पांढरं धरतं. प्रस्तुत लेखकाने एका जुलैत चाळीच्या गॅलरीत दहा मिनींवर स्प्रे मारला आणि दहाच्या दहा खरजेसारख्या निघाल्या, त्यातल्या सात तशाच सैन्यात घेतल्या. हार्डवेअरच्या दुकानातला एनसी थिनर प्लॅस्टिक मिनीला लावू नये, प्लॅस्टिक विरघळतं. पावसाळ्यात प्रायमर ब्रशने लावतात आणि व्हार्निश दिवाळीनंतर उरकतात. रंग ओले ठेवणारी स्पंज आणि बटर पेपरची पॅलेट चार दिवस बंद राहिली तर तिच्यावर बुरशी येते, तेव्हा पाणी रोज बदलावं.