पाळीव प्राण्यांची शुश्रूषा

पाळीव प्राण्यांची शुश्रूषा म्हणजे आजारी किंवा जखमी कुत्र्या-मांजराची डॉक्टरांच्या उपचारांबरोबर रोजच्या रोज घ्यायची काळजी. जखम धुणं, पट्टी बदलणं, गोळी खरंच पोटात गेली का बघणं, ताप मोजणं, भरवणं, अंग कोरडं ठेवणं हे सगळं त्यात येतं. ब्रिटनमध्ये या कामाचं वेगळं प्रशिक्षण १९६१ साली सुरू झालं आणि १९८४ पासून तिथे व्हेटर्नरी नर्स हे नाव रूढ झालं. आपल्याकडे परळचं पशुवैद्यकीय कॉलेज १८८६ पासूनचं आहे, पण कुत्र्या-मांजराची नर्स म्हणजे बहुतेक वेळा घरातलीच आई, आजी नाहीतर कॉलेजला जाणारी मुलगी. व्हेट म्हणजे जनावरांचे डॉक्टर आजारी प्राण्याला दहा मिनिटं बघतात, बाकीचा दिवस तो आपल्यासमोर असतो, त्यामुळे काय बिघडतंय ते आधी आपल्यालाच दिसायला हवं आणि ते डॉक्टरांना नीट सांगता यायला हवं.

बघायचं काय तर आधी ताप. कुत्र्याचं नॉर्मल तापमानच साधारण १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, मांजराचंही जवळपास तेवढंच, त्यामुळे अंग गरम लागलं म्हणून लगेच घाबरायचं नाही आणि नाक ओलं आहे म्हणून निर्धास्तही व्हायचं नाही, नाकावरून ताप कळत नाही. डिजिटल थर्मामीटरला व्हॅसलीन लावून शेपटीखाली गुदद्वारात हळूच घालून मोजायचा, हा थर्मामीटर त्याच्यासाठी वेगळाच ठेवायचा. झोपलेला असताना श्वास मोजा, मिनिटाला ३० च्या वर सतत जात असेल तर डॉक्टरांना कळवा. ओठ वर करून हिरडी बोटाने दाबली की पांढरी होते आणि २ सेकंदांच्या आत परत गुलाबी व्हायला हवी. हिरडी पांढरीफटक किंवा पिवळी दिसली तर सकाळपर्यंत थांबू नका. हे सगळं वहीत वेळेसकट लिहून ठेवा, शी-शू आणि उलटी किती वेळा झाली तेही, कारण दवाखान्यात गेल्यावर घाईत अर्धं आठवतच नाही.

जखमांमध्ये आपल्या हवामानात सगळ्यात वाईट प्रकार म्हणजे जखमेत अळ्या पडणं, खेड्यात याला आसडी पडली असंही म्हणतात. पावसाळ्यात माशी ओल्या जखमेवर किंवा घाण झालेल्या केसांत अंडी घालते, एका वेळी शंभरावर असतात, आणि साधारण एका दिवसात अळ्या बाहेर येऊन मांस खात आत शिरतात, वरून दिसतं छोटंसं भोक आणि आत हे एवढं पोकळ. कुत्रा एकाच जागी सारखा चाटतोय, कान झटकतोय, अंगाला कुजकट वास येतोय, तर केस बाजूला करून बघाच. जुन्या पद्धतीत टर्पेंटाईनचा बोळा भरतात, गावात सीताफळाचा पाला वाटून लावतात, दोन्हींनी अळ्या बाहेर येतात हे खरं आहे, पण टर्पेंटाईन चाटलं तर विषारी आहे आणि सीताफळाचा रस डोळ्यात गेला तर डोळ्याला इजा होते, त्यामुळे डोळ्याजवळ आणि कानात घरी काही प्रयोग नकोत. अळ्या मारायचे स्प्रे आणि मलम मेडिकलमध्ये मिळतात. पण नुसतं मारून भागत नाही, चिमट्याने एकेक काढाव्या लागतात, खोल जखम असेल तर भूल देऊन, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी परत बघावं लागतं कारण आत राहिलेल्या नंतर वर येतात. किळस येते, मान्य आहे, पण त्या जिवाला किती वेदना होत असतील याचा विचार केला की हात आपोआप पुढे जातो.

साधी जखम असेल तर आधी आजूबाजूचे केस कापायचे आणि मिठाच्या पाण्याने भरपूर धुवायची, अर्धा लिटर उकळून थंड केलेल्या पाण्यात चहाचा एक सपाट चमचा मीठ. बेटाडीन लावायचं तर फिकट चहाच्या रंगाइतकं पातळ करून. हायड्रोजन पेरॉक्साइडचा फेस बघून बरं वाटतं पण त्याने नवीन येणारं मांसही जळतं. हळदीबद्दल आपल्या घरांत वाद होतातच, पण डब्यातली हळद भरली की वर खपली धरते आणि घाण आत राहते, म्हणून उघड्या खोल जखमेत ती नको. पायाला पट्टी बांधताना मधली दोन बोटं दिसतील अशी बांधा, ती सुजली किंवा गार पडली तर पट्टी घट्ट झालीये. पट्टी टिकवायला रबरबँड कधीच नाही, तो मांसात रुततो. आणि गळ्यात कोनासारखी कॉलर घालायची ती काढायची नाही, तो कितीही केविलवाणा बघत असला तरी, टाके एका रात्रीत चाटून उघडतात. दुसऱ्या कुत्र्याने चावलं असेल तर ग्लोव्हज घालून साबणाच्या वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा आणि रेबीजच्या लसीसाठी त्याच दिवशी दवाखाना गाठा.

रोगांमध्ये कुत्र्याच्या पिल्लांचा कर्दनकाळ म्हणजे पार्वो. १९७८ च्या सुमारास हा विषाणू ओळखला गेला आणि बघता बघता जगभर पसरला. तो आतड्याचं अस्तर आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी दोन्हीवर हल्ला करतो, म्हणून उलट्या, रक्ताचे घाण वासाचे जुलाब आणि पिल्लू पार गळून जातं. आपल्याकडे उपचाराचा कणा म्हणजे सलाईन आणि उलटी थांबवणारं औषध, घरच्यांचं काम म्हणजे उबदार ठेवणं, दर वेळी पुसून कोरडं करणं, उलटी थांबली की चमच्या-चमच्याने मऊ खाणं. सिरिंजने भरवताना गालाच्या बाजूने थोडं थोडं द्या, मान वर करून घशात ओतलं तर फुफ्फुसात जातं. फिनेलने हा विषाणू मरत नाही, आधी घाण साफ करून मग ब्लीच, एक भाग ब्लीचला तीस भाग पाणी. मातीत तो महिनोन्महिने टिकतो, म्हणून लस न झालेलं दुसरं पिल्लू लगेच त्या घरात आणू नका.

गोचीड तापात कुत्रा खायचं सोडतो, ताप येतो, प्लेटलेट्स उतरतात, कधी नाकातून रक्त येतं. गोचिडीतून येणारा एर्लिकिया हा जिवाणू असेल तर डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक साधारण २८ दिवस चालतं आणि इथेच लोक चुकतात, आठवड्यात शेपूट हलवायला लागला की गोळ्या बंद. गोळी खाण्याबरोबर द्या. मांजराला द्यायची असेल तर मागून थोडं पाणी पाजाच, नाहीतर गोळी अन्ननलिकेत अडकून तिथे जखम करते. गोचीड चिमट्याने कातडीच्या अगदी जवळ धरून सरळ ओढायची, काडी लावून जाळायची नाही, आणि भिंतींच्या फटी, गादीच्या शिवणी साफ करायच्या, कारण मादी अंडी तिथेच घालते आणि ती हजारोंनी असतात.

मांजराचं थोडं वेगळं आहे. ते दुखणं लपवतं, कपाटामागे जाऊन बसतं आणि आपण म्हणतो झोपलंय. लठ्ठ मांजराने दोन-तीन दिवस काही खाल्लं नाही तर लिव्हरमध्ये चरबी साठून जीव धोक्यात येतो, त्यामुळे एक दिवस उपाशी राहिलं की डॉक्टरांना फोन. माणसांची पॅरासिटामॉल मांजराला अर्धी गोळीसुद्धा जीवघेणी ठरू शकते, कुत्र्याला आयब्युप्रोफेन वाईट, आणि कुत्र्यांसाठीची पर्मेथ्रिनवाली गोचिडाची औषधं मांजराला लावायची नाहीत. घरात दोघंही असतील तर बाटल्या वेगळ्या कपाटात ठेवा आणि वर मोठ्या अक्षरात लिहा, घाईत हात चुकतो.