मेल हवेत राहत नाही

‘लाइन गेली अन् मेल हवेतच राहिला,’ असं आमच्या यवतमाळकडच्या गावांत पीकविम्याच्या तक्रारींबद्दल सर्रास ऐकू येतं. मेल हवेत राहतच नाही. लाइन गेली तरी तो कुठल्या ना कुठल्या यंत्राच्या डिस्कवर फाइल होऊन पडलेला असतो. मला ही व्यवस्था फार देखणी वाटते.

आपण पाठवलेला मेल आधी आपल्या मेल सर्व्हरकडे जातो. तो सर्व्हर मेल स्पूल नावाच्या फोल्डरमध्ये लिहून ठेवतो. वीत्से वेनेमा यांच्या पोस्टफिक्स या मेल सर्व्हर सॉफ्टवेअरच्या स्पूलमध्ये इनकमिंग (नुकताच आलेला), अ‍ॅक्टिव्ह (पाठवणं चालू असलेला), डिफर्ड (नंतर पुन्हा पाठवायचा) असे कप्पे असतात. मेल पुरता डिस्कवर उतरला, की मगच सर्व्हर पाठवणाऱ्याला २५० हा आकडा कळवतो. १९८२ च्या एसएमटीपी, म्हणजे मेल पोचवण्याच्या, नियमांपासून त्याचा अर्थ एकच: घेतला, आता जबाबदारी माझी. वजनाची काटापट्टी हातात पडेपर्यंत कापूस शेतकऱ्याचाच, तसा २५० येईपर्यंत पाठवणारा सर्व्हर आपली प्रत पुसत नाही.

आता समजा, पुढच्या सर्व्हरनं मेल घेतला, २५० पाठवला आणि नेमकी तेव्हाच लाइन तुटली. इकडे उत्तर पोचलंच नाही. मग पाठवणारा सर्व्हर मेल डिफर्डमध्ये टाकतो आणि थोड्या वेळानं पुन्हा पाठवतो. एकच मेल दोनदा येतो तो कधीकधी यामुळे. हरवण्यापेक्षा दोनदा पोचलेला बरा, हे त्यामागचं धोरण.

पुढच्या सर्व्हरचं उत्तर ४ नं सुरू झालं, तर अडचण तात्पुरती. पोस्टफिक्स मूळ सेटिंगनुसार ५ दिवस प्रयत्न करत राहतं. ५ नं सुरू झालं, उदाहरणार्थ ५५०, तर मेल लगेच बाउन्स, म्हणजे पाठवणाऱ्याकडे परत.

हे सगळं लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीत, उतरतं. प्रत्येक मेलला क्यू आयडी, म्हणजे रांगेतला ओळख क्रमांक, असतो. तो शोधला की कोणाकडून, किती बाइट, कोणत्या रिलेकडे (पुढच्या सर्व्हरकडे), किती सेकंद उशीर आणि शेवटी ‘स्टेटस=सेंट’ अशा ओळी सापडतात. हे ‘सेंट’ म्हणजे पुढच्या सर्व्हरनं घेतला, एवढंच. पुढे तो स्पॅममध्ये गेला की कोणी वाचला, ते यात कळत नाही.

राहुकाळ टळल्यावरच अर्ज पाठवणारेही आहेत. पण मेल अडकला तर कारण राहुकाळ नसतो, ते लॉगमध्ये स्पष्ट असतं: उदाहरणार्थ ‘कनेक्शन टाइम्ड आउट’, म्हणजे पुढच्या सर्व्हरशी वेळेत जोडणी झाली नाही. मुहूर्ताच्या नादात मुदत मात्र खरीच निघून जाते.

तक्रार करताना मेलची तारीख, वेळ आणि हेडरमधला (मेलच्या वरच्या तांत्रिक माहितीतला) मेसेज-आयडी, म्हणजे त्या मेलचा ओळख क्रमांक, द्या. तेवढ्यावर सर्व्हर सांभाळणाऱ्याला नोंद काढता येते. पण जुने लॉग ठरावीक काळानं पुसले जातात, तेव्हा विचारायचं तर लवकर विचारा.