तेरा गावे आणि मोजता न येणाऱ्या भाषा

कॅमेरूनच्या वायव्य प्रांतात वुम शहरापासून जवळच लोअर फुंगोम नावाचा डोंगराळ मुलूख आहे. क्षेत्रफळ जेमतेम २४० चौरस किलोमीटर, गावे १३ आणि लोकसंख्या काही हजार. रस्ते वाईट असल्यामुळे एका गावाहून दुसऱ्या गावी बहुतेक पायीच जावे लागते. इथे किती भाषा बोलल्या जातात, असे गावकऱ्यांना विचारले तर उत्तर सरळ येते: प्रत्येक गावाचा मुखिया वेगळा, तशी भाषाही वेगळी. भाषाशास्त्रज्ञ मात्र व्याकरण आणि परस्परांचे बोलणे कितपत कळते, हे निकष लावून ती संख्या सात ते नऊच्या घरात आणतात. मुनकेन, न्गुन, बिया, अबार आणि मिसाँग या पाच गावांचे बोलणे त्यांनी एकाच भाषेत धरले आणि तिला गावांच्या आद्याक्षरांवरून ‘मुंगबाम’ असे नाव दिले, कारण या पाचांना एकत्र धरणारे नाव तिथल्या कोणाकडेच नव्हते.

जेफ गुड आणि पिएरपाओलो दी कार्लो हे संशोधक कॅमेरूनमधील विद्यापीठांच्या अभ्यासकांसह या भागात बरीच वर्षे काम करत आहेत. तिथे एकभाषिक माणूस शोधून सापडत नाही. प्रौढ व्यक्तीला चार-पाच गावांच्या भाषा येणे ही अगदी साधी गोष्ट मानली जाते. यात नवल आहे ते वेगळ्याच कारणाने. एवढ्या भाषा लोक व्यवहार अडू नये म्हणून शिकत असावेत, असे वरकरणी वाटते. पण व्यवहारासाठी कॅमेरूनची पिजिन इंग्रजी, म्हणजे इंग्रजीवर बेतलेली सोपी संपर्कभाषा, आहेच, आणि ती सगळीकडे चालते. प्रतिष्ठेसाठी म्हणावे, तर कोणत्याही गावाची भाषा दुसरीपेक्षा वरचढ समजली जात नाही.

दी कार्लो आणि गुड यांनी यामागचे जे कारण मांडले आहे, ते मला या साऱ्या संशोधनातील सर्वांत मोलाचे वाटते. तिथे एखाद्या गावाची भाषा बोलणे म्हणजे त्या गावाशी आपले नाते सांगणे. गावाचा मुखिया हा कारभारी असतो, तसाच गावाच्या दैवी संरक्षणाचा धनीही असतो. त्यामुळे एकाहून अधिक गावांत आपले म्हणणारे लोक असणे ही अडीअडचणीच्या काळातली पुंजी ठरते. आजोळ दुसऱ्या गावचे असेल, तर मुलाला तिकडच्या नातेवाइकांकडून वेगळे नाव मिळते आणि त्या गावात ते त्याच नावाने ओळखले जाते. नावे अनेक, भाषा अनेक, आणि त्यांतली कोणती ‘खरी’ हा प्रश्न तिथे कोणाला पडत नाही.

आपल्याकडचे एक उदाहरण इथे आठवते. सांगलीजवळच्या कुपवाडमध्ये मराठी, कन्नड आणि उर्दू पिढ्यान्पिढ्या शेजारी नांदल्या, आणि त्यांची वाक्यरचना एकमेकींच्या इतकी जवळ आली की जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांच्या १९७१ मधील शोधनिबंधामुळे हे गाव जगभरच्या भाषाशास्त्रात पोचले. तिथे मात्र घरची भाषा कोणती, याविषयी कोणत्याही समाजाच्या मनात संदिग्धता नव्हती. ती त्या समाजाच्या वेगळेपणाची खूण होती. लोअर फुंगोममध्ये एकाच माणसाकडे अशा अनेक खुणा असतात.

आफ्रिकेच्या पश्चिम टोकाला, सेनेगलच्या कासामान्स भागात, भाषाशास्त्रज्ञ फ्रीडरिके ल्युप्के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असाच अभ्यास केला. झिगिंशोर शहराजवळची जिबोंकेर, ब्रिन आणि एसिल ही शेजारशेजारची गावे आहेत. जिबोंकेरची म्हणून ओळखली जाणारी भाषा बाइनुंक गटातली, तर उरलेल्या दोन गावांच्या भाषा जोला गटातल्या. ‘गावची भाषा’ म्हणजे ज्या घराण्याने गाव वसवले त्याची भाषा, असा तिथला संकेत आहे. ती जमिनीवरचा हक्क सांगते, गावात रोज काय बोलले जाते ते सांगत नाही. लग्न होऊन आलेल्या सुना आपापल्या भाषा घेऊन येतात, मुले नातेवाइकांकडे वाढायला दुसऱ्या गावी पाठवली जातात, आणि यांखेरीज वोलोफ, मान्दिंका व फ्रेंच कानावर पडतच असतात. ध्वनिमुद्रित संभाषण कागदावर उतरवताना एखादे वाक्य एका जोला भाषेतले की शेजारच्या, हे ठरवणे अनेकदा अशक्य होते, कारण त्यातले शब्द दोन्हींकडे सारखेच असतात. जनगणनेच्या तक्त्यात अशा बोलण्यासाठी रकाना नसतो.

खेड्यांपुरतीच ही गोष्ट नाही. पॉट्सडाम विद्यापीठाच्या संशोधकांनी घानाची राजधानी अक्रा येथील ३ ते १२ महिने वयाच्या १२१ बाळांच्या कानावर कोणत्या भाषा पडतात याच्या नोंदी घेतल्या आणि त्यांचे निष्कर्ष २०२५ मध्ये प्रसिद्ध केले. प्रत्येक बाळ दोन ते सहा भाषा ऐकत होते. एका सामाईक अंगणाभोवती अनेक कुटुंबे राहतात, बाळाला आई-वडिलांइतकेच शेजारी आणि नातेवाईकही सांभाळतात. जितके सांभाळणारे अधिक, तितक्या भाषा अधिक. अकान, गा, एवे या भाषांत लोक बाळाशी थेट बोलतात, तर इंग्रजी बहुतांशी टीव्हीवरून आणि मोठ्यांच्या आपसातल्या बोलण्यातून ऐकू येते. बालभाषेवरचे बरेचसे संशोधन युरोप-अमेरिकेतील एक किंवा दोन भाषांच्या घरांत झाले असल्यामुळे तिथली गृहीतके अशा अंगणात लागू पडत नाहीत.

शाळेपाशी आल्यावर हा प्रश्न अवघड होतो. नायजेरियात इफे येथे शिक्षणतज्ज्ञ बाबातुंडे फाफुन्वा यांनी १९७० मध्ये सुरू केलेल्या प्रकल्पात प्राथमिक शाळेची सहाही वर्षे योरुबा माध्यमातून शिकवली गेली. इंग्रजी हा एक विषय होता, आणि तरीही ही मुले इंग्रजीतसुद्धा मागे पडली नाहीत. मातृभाषेतून शिक्षणाच्या बाजूने हा प्रयोग आजही दाखल्यासारखा सांगितला जातो आणि ते रास्तही आहे. पण योरुबा कोट्यवधी लोकांची भाषा आहे, तिला लिखित परंपरा आहे, आणि एका वर्गातल्या बहुतेक मुलांना ती येते. जिबोंकेरमध्ये शाळेसाठी एकच ‘मातृभाषा’ निवडायची, तर वर्गातली निम्मी मुले परकी ठरण्याची भीती.

ल्युप्के आणि स्थानिक सहकाऱ्यांनी यावर लिलिएमा नावाची साक्षरता-पद्धत तयार केली आहे. सेनेगलमधील भाषांसाठी मान्य झालेली अक्षरे आणि त्यांचे उच्चार आधी शिकवायचे, आणि मग शिकणाऱ्याने आपल्याला येणारी कोणतीही भाषा, हवे तर एकाच मजकुरात दोन-तीन भाषा, त्या अक्षरांत लिहायच्या. त्यासाठी प्रत्येक भाषेचे वेगळे पाठ्यपुस्तक छापावे लागत नाही. सरकारी शाळांचे माध्यम मात्र अजूनही प्रामुख्याने फ्रेंचच आहे.