कॅश ड्राइव्ह (लॅपटॉपमधली)

कॅश ड्राइव्ह म्हणजे मुख्य डिस्कच्या जोडीला लावलेली छोटी फास्ट ड्राइव्ह, साधारण १६ ते ६४ जीबीची. विंडोज सुरू होतानाच्या फाइल्स, ब्राउझर, रोजची सॉफ्टवेअरं, जे वारंवार लागतं त्याची कॉपी तिच्यात आपोआप ठेवली जाते आणि पुढच्या वेळी तिथूनच वाचलं जातं. मुख्य डिस्क हार्ड डिस्क असेल तर फरक लगेच जाणवतो, पण लॅपटॉपला आधीच एसएसडी (फिरते भाग नसलेली, चिपवर डेटा ठेवणारी ड्राइव्ह) असेल तर बहुतेक वेळा उपयोग शून्य, आणि तरी लोक यावर पैसे घालवतात म्हणून कारण समजून घेतलेलं बरं.

लॅपटॉपची हार्ड डिस्क सहसा मिनिटाला ५४०० फेरे मारते, डेटा वाचणारं हेड जागेवर जाऊन हवा तो भाग त्याच्याखाली येईपर्यंत १५ मिलिसेकंदांच्या आसपास वेळ जातो, आणि विंडोज सुरू होताना अशी हजारो छोटी छोटी वाचनं होतात म्हणून मशीन रखडतं. साध्या साटा एसएसडीला (साटा ही ड्राइव्ह जोडायची जुनी, तुलनेने स्लो पद्धत) तेच काम मिलिसेकंदाच्या साधारण दहाव्या भागात जमतं. म्हणजे कॅशने जो वेळ वाचवायचा तो तिथे उरलेलाच नसतो.

ही कल्पना आली तीच हार्ड डिस्कसाठी. २००७ ला विंडोज व्हिस्टाबरोबर पेनड्राइव्ह कॅश म्हणून वापरणारं रेडीबूस्ट आलं, पण एसएसडीवाल्या फास्ट मशीनवर विंडोज ७ ते चालूच करू देत नव्हतं, कॉम्प्युटर पुरेसा फास्ट आहे असं सांगून मोकळं व्हायचं. २०११ ला छोटी एसएसडी हार्ड डिस्कची कॅश म्हणून वापरणारं इंटेलचं स्मार्ट रिस्पॉन्स आलं, त्यात कॅश जास्तीत जास्त ६४ जीबी. मग बऱ्याच अल्ट्राबुकमध्ये (पातळ, हलक्या लॅपटॉपमध्ये) ५०० जीबी हार्ड डिस्कसोबत २४ किंवा ३२ जीबीची एमसाटा (छोट्या कार्डाच्या आकाराची साटा) ड्राइव्ह दिसायला लागली.

सगळ्यात जास्त गोंधळ झाला तो २०१७ च्या इंटेल ऑप्टेन मेमरीमुळे, तीही अशीच कॅश ड्राइव्ह, फक्त वेगळ्या प्रकारच्या चिपवर चालणारी. नावात मेमरी असल्याने काही जाहिरातींत ४ जीबी रॅम आणि १६ जीबी ऑप्टेन यांची बेरीज करून २० जीबी मेमरी लिहिलेली असायची, आणि हे ग्राहकाची सरळ दिशाभूल करणारं होतं, कारण ऑप्टेन मेमरी म्हणजे रॅम नव्हे. तिचा १६ जीबीचा मॉड्यूल सेकंदाला ९०० एमबी वाचतो आणि लिहितो फक्त १४५ एमबी, तर साधी साटा एसएसडीसुद्धा ५०० च्या वर जाते. छोट्या वाचनांत ऑप्टेन खरंच भारी आहे, तो मान तिला द्यायलाच हवा, बेंचमार्कमध्ये ते स्पष्ट दिसतं, पण वर्ड किंवा क्रोम उघडताना एसएसडीच्या पुढे फरक कळणं कठीण. एक अपवाद म्हणजे २०१९ चा ऑप्टेन एच१०, त्यात स्वस्त आणि तुलनेने स्लो क्यूएलसी (चिपच्या एका पेशीत चार बिट ठेवणारी) एसएसडी आणि ऑप्टेन एकाच पट्टीवर होते, तिथे कॅशला करायला काम होतं. २०२२ मध्ये इंटेलने ऑप्टेनचा धंदाच बंद केला.

शिवाय एसएसडीच्या आत स्वतःची कॅश असतेच, बहुतेक टीएलसी (पेशीत तीन बिट) आणि क्यूएलसी ड्राइव्ह काही भाग एसएलसीसारखा (पेशीत एकच बिट, म्हणून फास्ट) वापरून आधी तिथे भराभर लिहितात, आणि विंडोज मोकळी रॅम फाइल कॅशसाठी वापरतं ती कुठल्याही ड्राइव्हपेक्षा फास्ट. म्हणून ८ जीबी रॅमवर मशीन अडखळत असेल तर पैसे रॅममध्येच घाला.

जुन्या लॅपटॉपात अशी जोडी असेल तर एक काळजी घ्या. कॅश राइट-बॅक मोडमध्ये असली की नवीन डेटा आधी तिच्यात जातो आणि मुख्य डिस्कवर नंतर, त्यामुळे सॉफ्टवेअरमधून बंद न करता ती उपटून काढली तर डेटा जाऊ शकतो, विंडोज सुरूच न होण्याचीही वेळ येते. नीट बंद करून काढली की मोकळ्या स्लॉटमध्ये पूर्ण क्षमतेची एसएसडी बसवता येते, फक्त स्लॉट एमसाटा आहे की एम.२ (त्यानंतर आलेला पट्टीसारख्या ड्राइव्हचा स्लॉट), एम.२ असेल तर २२४२ मापाचा की २२८० (४२ की ८० मिमी लांब), आणि साटा चालतं की एनव्हीएमई (साटापेक्षा फास्ट पद्धत), हे विकत घ्यायच्या आधी बघा.