जुन्या शिवणयंत्रांचा संग्रह व पुनरुज्जीवन

१९ व्या शतकाच्या उत्तरार्धापासून साधारण १९६० पर्यंत बनलेली, बहुतांशी बिडाच्या घडणीची घरगुती शिवणयंत्रे मिळवणे, त्यांचा प्रकार व काळ निश्चित करणे आणि ती पुन्हा शिवू लागतील अशा स्थितीत आणणे, असे या छंदाचे स्वरूप आहे.

एलायस हाउ याला १८४६ मध्ये व आयझॅक सिंगर याला १८५१ मध्ये अमेरिकेत पेटंट मिळाले आणि पुढे ही यंत्रे जगभर पसरली. यंत्र जुने म्हणजे दुर्मीळ, ही समजूत मात्र संग्राहकाला आरंभीच सोडावी लागते. सिंगरच्या स्कॉटलंडमधील क्लाइडबँक येथील कारखान्यातून एकट्या १९१३ मध्ये दहा लाखांहून अधिक यंत्रे बाहेर पडली, त्यामुळे शंभर वर्षांचे सिंगर आजही विनासायास मिळते. त्याचे मूळ अनुक्रमांकावरून कळते : ‘एफ’ किंवा ‘वाय’ अक्षराने सुरू होणारा क्रमांक क्लाइडबँकचा, तर ‘जी’ अक्षराचा अमेरिकेतील एलिझाबेथ शहराचा. १९३३ मध्ये आलेले, ॲल्युमिनियमचे व सुमारे पाच किलो वजनाचे सिंगरचे ‘फेदरवेट’ यंत्र गोधडीकाम करणारे आजही प्रत्यक्ष शिवण्यासाठी विकत घेतात.

चाक फिरत नाही म्हणून यंत्र भंगारात काढणे ही घाई होय. बहुधा गंज नव्हे, तर वर्षानुवर्षे वाळून घट्ट झालेले तेल ते अडवते. खोबरेल तेल घातलेल्या यंत्रांत हे विशेष आढळते. सुई व बॉबिन (खालच्या धाग्याची रीळ) काढून, प्रत्येक सांध्यात रॉकेलचे थेंब सोडून एक-दोन दिवस थांबावे, चाक हलक्या हाताने मागेपुढे करावे आणि ते मोकळे झाल्यावरच मशीनचे पातळ तेल द्यावे. कापड पुढे सरकवणाऱ्या दात्यांखाली साचलेला कापसाचा लगदा काढला आणि टेन्शनच्या (धाग्याला ताण देणाऱ्या) चकत्यांमधील धाग्यांचे तुकडे व मळ पुसला, की टाक्याचे निम्मे दोष जातात. सुईची चौकशी मात्र खरेदीपूर्वीच करावी : बंदुकीच्या गोळीच्या आकाराचा धोटा (खालचा धागा वाहून नेणारा भाग) असलेल्या सिंगर २७ या मॉडेलला आजची साधी सुई चालते, तर त्याआधीच्या सिंगर १२ ची सुई आता सहज मिळत नाही. जुन्या विजेच्या यंत्रांत तारांवरील रबर तडकलेले असते, म्हणून तारा तपासल्याशिवाय ते यंत्र चालू करू नये.

यंत्रणा बहुधा पुन्हा जिवंत करता येते, पण काळ्या लेपावरची सोनेरी नक्षी एकदा गेली की मूळ रूपात परत मिळत नाही. तिच्यावर लाखेचा पारदर्शक थर असतो. स्पिरिटने तो विरघळतो आणि नक्षीही त्याबरोबर निघून येते. साबणाच्या पाण्यानेही सोनेरी रंग रुपेरी पडतो. म्हणून तिथे मशीनचेच तेल व मऊ कापड वापरावे. संपूर्ण यंत्र रंगवून नव्या छापील नक्षी चिकटवण्याची पद्धत रूढ आहे. तरीही ज्यावर मूळ लेप टिकून आहे त्या यंत्राच्या बाबतीत ते नुकसानच ठरते.

भारतात सिंगरच्या जोडीने ‘उषा’ची यंत्रे आढळतात; १९३० च्या दशकात कोलकात्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सने ती बनवण्यास सुरुवात केली. महाराष्ट्रात खंडेनवमी-दसऱ्याला हत्यारे व अवजारांबरोबर शिवणयंत्रही पुसून, तेल घालून पुजले जाते. अलीकडे पायमशीनचा बिडाचा घोडा (खालचा सांगाडा) टेबलासाठी वेगळा काढून वरचे यंत्र भंगारात विकले जाते. अशा जोड्या फुटू न देणे, हे इथल्या संग्राहकांपुढचे सर्वांत निकडीचे काम आहे.