परळीची राख : तक्रारीपासून धंद्यापर्यंत

बीड जिल्ह्यातल्या परळीत थर्मलला, म्हणजे कोळशावर चालणाऱ्या वीज केंद्राला विरोध म्हणजे बहुतेक वेळा राखेला विरोध. चिमणी बंद करा, असं म्हणणारा आवाज इथे कधी मोठा झाला नाही. १९७१ मध्ये ३० मेगावॉटचा पहिला संच सुरू झाला, ऐंशीच्या दशकात २१० मेगावॉटचे तीन आले आणि तालुक्यातल्या कितीतरी घरांचं पोट या केंद्रावर चालू लागलं. जमिनी गेल्या, नोकऱ्या आल्या, सगळ्यांना नाही. तो काळ एवढ्यावर सोडला तरी चालेल, कारण आजचं भांडण ज्या मालावरून आहे तो तेव्हा कुणालाच नको होता.

माल किती, याचा हिशेब सोपा आहे. एक युनिट विजेला साधारण ७०० ग्रॅम कोळसा लागतो. आपल्या कोळशात राखच तीस-चाळीस टक्के. म्हणजे २५० मेगावॉटचा एक संच दिवसभर पूर्ण क्षमतेने चालला, तर चार हजार टन कोळसा जळतो आणि सुमारे दीड हजार टन राख उरते. आज परळीत असे तीन संच आहेत. काही राख कोरडी उचलली जाते, बाकीची पाण्यात कालवून पाइपाने दाऊतपूर, दादाहरी वडगाव शिवारातल्या तळ्यांत सोडली जाते. उन्हाळ्यात तळ्याचा वरचा थर सुकला आणि वारा सुटला की शेतातल्या पिकावर, वाळत घातलेल्या धुण्यावर, झाकण नसलेल्या हौदावर करडी भुकटी बसते. यातले सर्वांत बारीक कण डोळ्यांना दिसत नाहीत, आणि फुप्फुसात खोलवर जातात ते तेच.

खरा गुंता नियमांनी केला. १९९९ च्या केंद्रीय अधिसूचनेने राख किमान दहा वर्षं फुकट द्यायला सांगितली. हेतू चांगला होता : विटांसाठी सुपीक माती खरवडली जाऊ नये, राख वापरात यावी. २००९ च्या दुरुस्तीने कोरडी राख विकण्याची मुभा दिली, मात्र वीस टक्के वीटवाल्यांसाठी फुकट राखून ठेवली. इथून राखेला भाव आला. सिमेंटवाल्यांना कोरडी हवी, भट्टीवाल्यांना तळ्यातलीही चालते. मग तळ्यातली कुणी उपसायची, कोणत्या परवान्यावर, किती खेपा, हे प्रश्न उभे राहिले. २०२१ च्या अधिसूचनेने वापराविना पडलेल्या राखेवर टनामागे हजार रुपये भरपाई लावली आणि जुने साठे दहा वर्षांत संपवायला सांगितले. त्यामुळे राख बाहेर काढण्याची घाई वीज केंद्रालाही झाली. पण हा सगळा हिशेब टनांत होतो. रस्त्यावर किती सांडली, राख नेणाऱ्या हायवा ट्रकवर ताडपत्री होती का, हे त्या आकड्यात कुठेच दिसत नाही. गावकऱ्यांची तक्रार मात्र नेमकी तिथलीच : झाका, रस्त्यावर पाणी मारा, वस्तीतून नेऊ नका. तळ्याकाठच्या लोकांचं म्हणणं साधं होतं, आणि त्याला दाद मिळायला सर्वांत जास्त वेळ लागला.

पाण्याचा प्रश्न याला समांतर चालला. केंद्राला पाणी सोनपेठजवळच्या खडका बंधाऱ्यातून मिळतं. २०१३ च्या दुष्काळात ते आटलं आणि केंद्र बंद पडलं. २०१५-१६ मध्ये पुन्हा तेच, कित्येक महिने. विजेआधी पिण्याला प्राधान्य, यावर त्या वर्षी मराठवाड्यात फारसं दुमत नव्हतं.

डिसेंबर २०२४ नंतर बीडमधल्या खंडणीच्या प्रकरणांची राज्यभर चर्चा झाली, तेव्हा परळीची राखही पहिल्या पानावर आली. पण बातम्या रंगल्या त्या राखेच्या धंद्यातल्या टोळ्यांच्या आणि उलाढालीच्या. दमा, खोकला आणि नासलेली पिकं हा विषय पुन्हा मागे पडला.

चिमणीतून जाणाऱ्या वायूवर तर इथे कुणी फारसं बोललंच नाही. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्र सरकारने सल्फर डायऑक्साइडवर मर्यादा घातली, दोन वर्षांची मुदत दिली आणि मग ती वाढवतच नेली. जुलै २०२५ मध्ये दहा लाखांवरची शहरं, दिल्लीचा परिसर आणि प्रदूषित ठरवलेले भाग यांच्या दहा किलोमीटरांबाहेर असलेल्या बहुतेक वीज केंद्रांना धुरातलं गंधक काढणाऱ्या यंत्रणेतून सूट मिळाली. परळी या तिन्हींपैकी कोणत्याच यादीत बसत नाही, म्हणजे सूट मिळालेल्यांतच येते.